ऑस्टवुडची उसळी

त्या रविवारी आमच्या गावची, ऑस्टवुडची, वस्ती सहाशे बारा होती. आज एकेचाळीस आहे. मधली पाचशे एकाहत्तर माणसं कुठे गेली असं इथे कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: ती त्या उसळीने नेली. त्यांतली निम्मी म्हातारी होऊन रीतसर मेली आणि बाकीची पोटापाण्यासाठी शहरांत गेली, हा तपशील कोणी जमेस धरत नाही. बँक बंद झाली ती उसळीमुळे. शाळा बंद झाली ती उसळीमुळे. धान्याचं उंच कोठार कंपनीने पाडलं तेव्हाही ढिगाऱ्याकडे बघत कोणीतरी म्हणालंच, केल्विनने ती अडवली असती तर.

केल्विन म्हणजे केल्विन स्टॅडनिक, आमच्या बर्फावरच्या हॉकी संघाचा गोलकीपर. ती म्हणजे रबराची काळी चकती, बशीएवढीसुद्धा नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वी, मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोनला, आमची ग्रेनरशी अंतिम लढत सुरू झाली. ग्रेनर इथून चौदा मैल. तिथले लोक आमच्यासारखाच गहू पेरतात, आमच्यासारख्याच टोप्या घालतात, आणि म्हणून ते आम्हाला अजिबात आवडत नाहीत. तीन डाव संपले तेव्हा तीन-तीन. मग जादा वेळ. त्यात जो आधी गोल करेल त्याचा चषक. सातव्या मिनिटाला ग्रेनरच्या एका दमलेल्या खेळाडूने, आपल्या जागी ताजा गडी आत यावा एवढ्याचसाठी, मधल्या तांबड्या रेषेवरून चकती नुसती पुढे भिरकावली आणि पाठ फिरवून तो बाकाकडे निघाला. चकती आळसावल्यासारखी हवेत गेली आणि केल्विनच्या पुढ्यात सात-आठ फुटांवर बर्फावर पडली. अशी चकती शंभरातल्या नव्याण्णव वेळा थप्पकन पडते, घसरत येते आणि गोलकीपरच्या काठीला टेकून थांबते. ही पडली आणि उठली. बेडकासारखी उठली, केल्विनच्या काठीवरून, गुडघ्यावरून, डाव्या खांद्यावरून गेली आणि मागच्या जाळ्यात जाऊन बसली. ज्याने मारली होती त्याला ते दिसलंही नाही.

रिंकमध्ये, म्हणजे आमच्या बर्फाच्या बंदिस्त मैदानात, चारशे माणसं होती. चारशे माणसं एकदम गप्प झाली की पत्र्यावरून थेंब पडल्याचा आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून हुलिकच्या कॅफेत चौकशी बसली. तिथे रोज सकाळी दहाला अकरा जणांचा कट्टा भरायचा. एकाचं मत, बर्फात चाकोरी पडली होती. स्केटच्या धारेने ओरखडा उठतो, चकतीची कड त्यात अडकली की ती वर फेकली जाते. दुसऱ्याचं मत, चपटी न पडता ती कडेवर पडली, आणि कडेवर पडलेली चकती कोणाच्या बापाची नसते. तिसरा म्हणाला, खरवडलेल्या बर्फाचा भुगा तिथे साचून थिजला होता. चौथ्याचा संशय बर्फ गोठता ठेवणाऱ्या खालच्या नळ्यांवर. वॉल्डो नावाचे एक आजोबा चंद्राचं काहीतरी सांगायचे. त्यांना सांगू देत असत. सगळ्यांचं बोलून झालं की कोणीतरी कप खाली ठेवून म्हणायचं, "काही असो. पोराचं लक्ष असतं तर अडवली असती." यावर मात्र एकमत व्हायचं.

मी अर्विन टेस्क. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला येऊन मला सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत कट्ट्यावर मला कोणी बस म्हटलं नव्हतं. त्या सोमवारी मधल्या सुट्टीत मी कॅफेत शिरलो, तर एक खुर्ची सरकवली गेली.

"या मास्तर. विज्ञान काय म्हणतं?"

मी बसलो. कॉफी आली. मी म्हणालो, "यात अनेक घटक असतात."

अकरा माना हलल्या. बारावी खुर्ची कायमची माझी झाली.

खरं म्हणजे विज्ञानाला घटक एकच माहीत होता, आणि तो मी होतो.

चकती खेळण्याआधी गोठवावी लागते. गार रबर मेलेलं असतं, पडलं की पडून राहतं. ऊबदार रबर जिवंत असतं. हे इथे शाळा न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक आहे. म्हणून आदल्या दिवशी डझनभर चकत्या रिंकच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये जातात, आणि सामन्याच्या वेळी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बर्फ भरून त्यात पुरलेल्या असतात. डबा घड्याळ सांभाळणाऱ्याच्या पायाशी. घड्याळ सांभाळायचो मी. नव्या मास्तराच्या हाती देण्यासारखं गावाकडे तेवढंच काम होतं.

त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात स्टेफनिया हुक आल्या. त्यांच्याबरोबर बायकांची फौज आणि रात्रभर बसून केलेल्या अकराशे पेरोगी. बटाटा आणि चीज भरून कड दाबलेल्या, पिठात घोळवलेल्या. त्यांना फ्रीजर हवा होता.

"मास्तर, तुमचं रबर उचला. माणसं काय चकत्या खाणार आहेत?"

स्टेफनियाबाईंशी वाद घालायची गावात पद्धत नव्हती. मी बारा चकत्या बाहेर काढल्या. डब्यात बर्फासकट सहाच मावल्या. उरलेल्या सहा मी चुलीवरच्या फळीवर ठेवल्या, दुसरा डबा शोधेपर्यंत. खाली मोठमोठ्या पातेल्यांत पाणी उकळत होतं. मला कोणीतरी घड्याळाची वायर बघायला बोलावलं, आणि दुसरा डबा शोधायचं राहून गेलं.

चकती जाळी ओलांडून प्रेक्षकांत गेली की ती पोरांची होते. परत मागणं वाईट दिसतं. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला डब्यातली शेवटची चकती अशीच गेली. डब्यात हात घातला तर नुसतं पाणी. खेळ थांबलेला, रेफरी माझ्यापुढे हात पसरून उभा. मी स्वयंपाकघरात धावलो आणि फळीवरची एक उचलली. नुकत्याच भाजलेल्या पावासारखी लागली हाताला. येताना मनात होतं की पाच मिनिटं बर्फात दाबून द्यावी. पण चारशे माणसं माझ्याकडे बघत होती, आणि चारशे माणसांनी माझ्याकडे बघण्याची ती पहिलीच वेळ होती. रेफरीच्या हातांत लोकरीचे मोजे होते. मी चकती त्याच्या तळव्यावर ठेवली.

पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर गाव सोडावं लागलं असतं. पहिल्या वर्षात सांगितलं असतं तर माफी मागावी लागली असती. दहाव्या वर्षी सांगायचं तर दहा वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेच्या पुस्तकात रबर आणि तापमान असा एक धडा होता. तो मी अठरा वर्षं 'घरी वाचा' म्हणून सोडला.

केल्विनचं मात्र निराळं होतं. तो तेव्हा सत्तावीसचा. बँकेत खिडकीवर बसणाऱ्या व्हर्ना पेल्टियरशी त्याचं जूनमध्ये लग्न व्हायचं होतं. त्या दिवशी व्हर्ना माझ्या समोरच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत बसली होती, आणि केल्विनची खात्री झाली होती की ऐन त्या क्षणी आपण चकती सोडून तिच्याकडे बघितलं. त्याला तिचा चेहरा स्पष्ट आठवत होता. तोंडावर हात, हिरवा स्कार्फ. बघितलं नसतं तर कसं आठवलं असतं?

त्याने तिला काही सांगितलं नाही. फक्त जाणं बंद केलं. ऑगस्टमध्ये तिने त्याला पोस्टात गाठलं आणि चार माणसांसमोर विचारलं, "माझं काय चुकलं तेवढं सांग." केल्विन तिकिटांच्या कागदाकडे बघत राहिला. चार माणसांपैकी एक मी होतो. माझ्या हातात पार्सल होतं. त्यावरचा पत्ता मी दोनदा वाचून काढला. पानगळीत ती लेथब्रिज शहरात गेली आणि तिथे तिने एका दंतवैद्याशी लग्न केलं.

मग संघ मोडला, शाळा मोडली. मुलं बसने ग्रेनरला जायला लागली. मला तिकडे नोकरी मिळत होती, पण मास्तराने ग्रेनरला जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी रिंकचा राखणदार झालो. बर्फ घालायचा, खरवडायचा, पुन्हा घालायचा. या कामासाठी माझं शिक्षण थोडं जास्त होतं, पण तक्रार करायला वरिष्ठ नव्हते. कट्ट्यावरच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. बाराच्या सात, साताच्या चार. हुलिकने कॅफेला कुलूप लावलं त्या सकाळी आम्ही दोघंच होतो, तो आणि मी, आणि त्याला जायची घाई होती.

त्यानंतर माझ्या आठवड्यात एकच दिवस उरला, गुरुवार. गुरुवारी केल्विन यायचा.

नऊ मैलांवरच्या शेतावरून तो टपाल न्यायला गावात यायचा आणि बाराच्या सुमारास रिंकवर. आधीच्या राखणदाराच्या काळापासून, दर हिवाळ्यात, एकही गुरुवार न चुकवता. बरोबर चकत्या. मधल्या तांबड्या रेषेवर उभा राहायचा आणि गोलच्या पुढ्यात सात-आठ फुटांवर चकत्या टाकायचा. ती उसळी पुन्हा काढायची होती त्याला. एकदा जरी निघाली तरी सिद्ध झालं असतं की दोष चकतीत होता किंवा बर्फात, डोळ्यांत नव्हता. त्याने चाकोऱ्या पाडून बघितल्या. भुगा थिजवून बघितला. कडेवर टाकून, फिरवून, तिरप्या कोनातून. मला म्हणायचा, आज गरम पाण्याचा थर द्या. पुढच्या वेळी गार पाण्याचा द्या. मी देत असे. माझ्यासारखा सहकार्य करणारा माणूस त्याला दुसरीकडे मिळाला नसता.

चकत्या मात्र तो घरच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवलेल्या आणायचा, बर्फाने भरलेल्या डब्यात पुरून. केल्विन नियमाचा माणूस; सामन्यातली चकती गोठवलेली नसेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. गोठवलेल्या चकत्या थप्पकन पडायच्या आणि पडून राहायच्या.

शेवटी तो गोलकीपरचा जुना पोशाख चढवून जाळ्यापुढे उभा राहायचा आणि मला मारायला लावायचा. मला ते कधी जमलं नाही.

"मास्तर, हे मारणं झालं की निरोप पाठवणं?"

"वय झालं माझं."

"माझी आजी याहून जोरात थुंकायची. आणि तिला कवळी होती."

सगळ्या अडवून झाल्या की तो मुखवटा वर करायचा. "बघितलंत? एकही जात नाही. म्हणजे मीच." हे अगदी शांतपणे, हवामान सांगावं तसं. मग आम्ही घड्याळ सांभाळणाऱ्याच्या खोक्याएवढ्या खोलीत छोट्या विजेच्या शेगडीशी बसून थर्मासातली कॉफी प्यायचो. तो पेरणीबद्दल बोलायचा. मी 'हं' म्हणायचो. दोन वाजता तो म्हणायचा, "येतो, पुढच्या गुरुवारी." हे वाक्य आठवडाभर पुरायचं मला.

अकरा हिवाळे मी हे बघितलं. सांगितलं तर गुरुवार जाणार होता. न सांगितलं तर केल्विन स्वतःला आंधळा समजत मरणार होता. दोन्ही पारडी मी दर आठवड्याला तोलत असे, आणि दर आठवड्याला काटा माझ्याच बाजूला झुकत असे, कारण तराजू माझा होता.

यंदा बर्फ गोठवणारं यंत्र दमलं. तपासनीस आला, त्याने त्यातून गळणाऱ्या वायूचा वास घेतला आणि कागदावर सही केली. ग्रामपंचायतीच्या बैठकीत आम्ही तिघं होतो. ठराव पास झाला: मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी यंत्र बंद, रिंकला कुलूप. आदल्या दिवशी गुरुवार होता.

केल्विन नेहमीसारखा आला. छप्पन वर्षांचा, गुडघ्यांत वाकलेला, बगलेत डबा. पण स्केट चढवायच्या आधी त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि शेगडीजवळच्या फळीवर ठेवलं. पत्ता लेथब्रिजचा.

व्हर्नाचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे चाळीस जणांना. केल्विन म्हणाला की हे आता उरकून टाकायचं ठरवलंय. तिने एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर देणं लागतो. रिंक बंद होतेय म्हणजे दुसरी शक्यता तपासायची सोयही उरणार नाही. तेव्हा जे आहे ते लिहिलं.

"काय लिहिलंस?" मी विचारलं. असलं काही मी त्याला कधी विचारत नसे.

"हेच. की मी तुझ्याकडे बघत होतो म्हणून ती गेली. म्हणून नंतर तुझ्याकडे बघवेना." त्याने पाकीट सरळ केलं. "तिची चूक नव्हती हेही लिहिलंय. पण वाचणाऱ्याला कसं वाटेल कोण जाणे."

मला वाटलं मला ठाऊक आहे कसं वाटेल. एक बाई पंचावन्नाव्या वर्षी दुपारचं टपाल उघडेल आणि तिला कळेल की एका गावाचा चषक, एक लग्न आणि एका माणसाचं सगळं आयुष्य तिच्या हिरव्या स्कार्फमुळे गेलं. तेही खोटं.

"पोस्ट तीनला बंद होतं," केल्विन म्हणाला. "शेवटच्या दहा-बारा मारा, मग जातो."

तो पोशाख चढवायला बाकाकडे गेला. मी त्याच्या डब्याचं झाकण काढलं, तीन चकत्या बर्फातून बाहेर घेतल्या, पुसल्या आणि शेगडीवर ठेवल्या. शेगडी पूर्ण केली. मास्तर माणूस शब्दांत सांगू शकला नाही की प्रयोग करून दाखवतो. वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी गार चकत्या त्याच्याकडे पाठवत राहिलो आणि तो त्या अडवत राहिला. मग मी म्हणालो की थांब, दम लागला; आणि खोक्यात जाऊन त्या तीन घेऊन आलो. कोटाच्या खिशातून मांडीला चटका बसत होता.

पहिली मारली. ती पडली आणि घसरत त्याच्या काठीपाशी जाऊन थांबली. विज्ञानाच्या प्रयोगांचं असंच असतं. मुलांसमोर हमखास फसतात. केल्विनने ती काठीने बाजूला सारली. दुसरी मी उंच टाकायला गेलो ती बाजूच्या फळ्यांवर आपटली. तिसरी मधल्या रेषेवरून नीट उठली, हवेत आळसावली, त्याच्या पुढ्यात सात फुटांवर पडली, आणि उठली.

काठीवरून गेली. त्याने खांदा वळवला तोवर उशीर झाला होता. मानेला घासून ती जाळ्यात गेली आणि तिथे बर्फावर दोनदा नाचून आडवी झाली.

 केल्विन गुडघ्यांवरच मागे वळला, हातमोजा काढला आणि चकती उचलली. उचलली आणि तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या हाताचाही मोजा काढला आणि दोन्ही तळव्यांत धरून बसला, थंडीत चहाचा कप धरावा तशी.

मी स्केट घालत नाही. बुटांवरच हळूहळू चालत त्याच्यापर्यंत गेलो. साठ-सत्तर पावलं असतील. तेवढ्यात सगळं सांगून झालं. स्टेफनियाबाई, पेरोगी, फळी, लोकरीचे मोजे. त्याच्याजवळ पोचलो तेव्हा बोलायचं काही उरलं नव्हतं.

"तुला केव्हापासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"त्या दिवशी हातात घेतली तेव्हापासून."

"म्हणजे ती पडायच्या आधीपासून."

"हो."

"आणि दर गुरुवारी मी या बर्फात पुरून आणत होतो."

"हो."

"आणि तू कॉफी आणत होतास."

याला 'हो' म्हणवेना. तो जाळ्याच्या खांबाला धरून उठला. मला वाटलं मारेल; मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला वेगळंच काही छळत होतं.

"गरम असू दे," तो म्हणाला. "तरी मी वर बघितलंच की. तिचा चेहरा दिसला मला. ते कसं?"

हे मला कधी सुचलं नव्हतं की त्याला याचंही उत्तर लागेल. आणि उत्तर माझ्याकडे होतं. त्या वेळी चारशे माणसांतली तीनशे नव्याण्णव कोणी घड्याळाकडे, कोणी आपल्या माणसाकडे, कोणी पेरोगीच्या ताटलीकडे बघत होती. चकतीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघणारा मी एकटाच होतो, कारण ती गरम आहे हे मला एकट्याला माहीत होतं.

"वर बघितलंस ते खरं आहे," मी म्हणालो. "चकती खाली येत होती तेव्हा तुझी मान खाली होती. ती पडली तिथे तू बघत होतास. मग ती उठली, आणि तुझी मान तिच्याबरोबर वर गेली. केल्विन, तू व्हर्नाकडे बघितलं नाहीस. तू चकतीकडेच बघत होतास. ती वर गेली, आणि तिच्या मागे तिसरी ओळ होती."

तो त्या दिशेला वळला. तिसऱ्या ओळीत आता बाकं नव्हती. पंचायतीने ती कधीच जाळायला नेली होती. तिथे भिंतीला टेकवलेली एक शिडी होती. तो शिडीकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. बहुतेक तो ते पुन्हा एकदा करून बघत होता: खाली, थप्प, वर, स्कार्फ.

मग तो खाली बसला आणि रडला. मोठ्याने नाही. गोलकीपरच्या एवढ्या जाड पोशाखात माणूस रडतो तेव्हा बाहेरून फक्त पट्टे करकरल्याचं ऐकू येतं. मी उभा होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवण्याचा हक्क मला आहे का, याचा विचार करता करता ती वेळ निघून गेली.

"अजून एक गरम कर," तो म्हणाला.

मी शेगडीवर सगळ्या ठेवल्या. एक तास आम्ही तेच केलं. तो काही अडवायचा, काही जायच्या. एक गेली तेव्हा तो हसला. असं हसताना मी त्याला त्या रविवारआधी बघितलं असेन. एक कपाळावर बसली तेव्हा म्हणाला, "आता जरा जोर आला हातात. अपराध्याचा हात चांगला चालतो." पण हे माझ्याकडे न बघता.

पोशाख उतरवून त्याने कोट घातला. पावणेतीन झाले होते. थर्मास फळीवर होता, दोन कप मांडलेले. त्याने पाकीट उचललं, खिशात ठेवलं आणि बटणं लावली.

"तीनला बंद होतं पोस्ट," मी आठवण केली.

"माहीत आहे. पत्र नको आता." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "मास्तर, तुम्ही हे मला दुसऱ्या वर्षी सांगितलं असतं ना, तर मी तुम्हाला ठोकलं असतं आणि आठवड्याभरात विसरलो असतो."

"हो."

"आता ठोकताही येत नाही. तुमच्याशिवाय या गावात मी कोणाशी बोललोय?"

दार त्याच्यामागे आपोआप लागलं. त्याची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. दोन्ही कपांतली कॉफी मीच प्यायलो. टाकून देणं जमत नाही.

शुक्रवारी सकाळी मी यंत्र बंद केलं. गावातले सहा-सात जण आले, टोप्या काढून उभे राहिले, आणि एकाने अर्थातच उसळीचा विषय काढला. मी त्यांना सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. ते ऐकून घेत होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवर एक प्रकारचा त्रास दिसत होता, चालू असलेला रेडिओ कोणी मध्येच बंद केल्यासारखा. शेवटी त्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "असेल. पण लक्ष असतं तर अडवलीच असती." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पुन्हा सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, थंडी आहे, निघतो.

एवढा बर्फ वितळायला नऊ-दहा दिवस लागतात. आधी त्याची चकाकी जाते, मग खालच्या तांबड्या-निळ्या रेषांचा रंग सुटतो, मग डबकी होतात. तसं माझं तिथे काही काम नव्हतं. तरी मी रोज जात होतो.

पुढच्या गुरुवारी बाराला मी रिंकच्या दारात उभा राहिलो. उकाडा म्हणावा अशी हवा होती, पाच अंश. रस्त्याचा नुसता चिखल झालेला. सव्वाबाराला नऊ मैलांच्या वाटेवरून केल्विनची गाडी आली. धुतलेली होती. या दिवसांत इथे कोणी गाडी धूत नाही. दहा पावलांत ती पुन्हा चिखलाची होते. आत केल्विन, अंगात कोट, केस ओले करून मागे वळवलेले. गाडी पोस्टाकडे वळली नाही. रिंकपुढे हळू झाली, पण थांबली नाही, आणि पश्चिमेच्या मोठ्या रस्त्याला लागली. तिकडे पाच तासांवर लेथब्रिज आहे.

माझ्यासमोरून जाताना त्याने स्टिअरिंगवरून हात काढला नाही. फक्त एक बोट उचललं. आमच्याकडे रस्त्यावर समोरून कोणीही आलं, अगदी अनोळखी असलं, तरी एवढं करतात.

मीही एक बोट उचललं.